कोल्हापूरचे अपघात महिन्याच्या टक्केवारीत मोजू नका

बारावी गल्ली:

महिना उलटला की तीच बातमी येते. शहरात अपघात इतक्या टक्क्यांनी वाढले, नाहीतर इतक्या टक्क्यांनी घटले. वाढले की आपण दोन दिवस पोलिसांवर आणि महापालिकेवर तुटून पडतो. घटले की विषय संपला. माझं म्हणणं असं की या दोन्ही बातम्यांतून आपल्या हाती काहीच लागत नाही, आणि त्याच त्या जागी माणसं मरत राहतात. म्हणून हा धागा काढलाय. लांब आहे, पण वाचा.

कोल्हापूर शहर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचं. एवढ्या गावात महिन्याचा मृत्यूंचा आकडा लहानच असतो, आणि लहान आकडा स्वतःहून हलतो. उदाहरणापुरतं समजा, सरासरी महिन्याला सहा मृत्यू. तर रस्ता तोच, वाहनं तीच, पोलीस तेवढेच असतानाही एखाद्या महिन्यात तीन होतील, एखाद्यात नऊ. चारावरून आठवर गेले की बातमी येणार “दुप्पट”. पुढच्या महिन्यात पाच झाले की “मोहिमेला यश”. दोन्ही वेळा रस्त्यावर काहीही बदललेलं नसतं.

चौकांचंही तेच. एखाद्या चौकात वाईट वर्ष गेलं की तिथं सिग्नल बसतो, गतिरोधक होतो. पुढच्या वर्षी अपघात कमी दिसतात. त्यातले थोडे कामामुळं कमी झालेले असतात, थोडे तसेही कमी होणारच होते, कारण आपण नेमकं सगळ्यात वाईट वर्ष बघूनच तो चौक निवडलेला असतो. किमान तीन वर्षांचे आकडे समोर ठेवल्याशिवाय हे दोन वेगळे करता येत नाहीत.

दुसरं, महिना बंद झाला म्हणून त्याचा आकडा पक्का होत नाही. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत जखमी दगावला तर तो रस्ते अपघातातला मृत्यू धरतात. म्हणजे २८ तारखेला पडलेला माणूस पुढच्या महिन्याच्या २० तारखेला गेला तरी तो मागच्या महिन्याचाच. पहिल्या आठवड्यात छापलेला आकडा कच्चा असतो आणि नंतर तो दुरुस्त केल्याचं छापून येताना मी तरी बघितलेलं नाही.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. “शहर” म्हणजे काय? महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढ तेव्हापासून अडकून पडलीय. आपली हद्द छोटी, पण आपलं रोजचं जाणं-येणं उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव, शिरोली, शिये, मोरेवाडी, पाचगाव, वडणगे इथपर्यंत. शहरातली ठाणी चार: लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, जुना राजवाडा, राजारामपुरी. राजारामपुरीतला पोरगा कामावरनं येताना शिरोलीच्या हद्दीत पडला तर तो या चार ठाण्यांच्या बेरजेत येत नाही. भरधाव रस्ते नेमके हद्दीबाहेर, आणि आपण हद्दीच्या आतली टक्केवारी वाचून समाधान मानतो.

चौथं पुराचं. २०१९ आणि २०२१ ला महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक काही दिवस बंद होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचा ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. अशा महिन्यात गाड्याच कमी चालतात, तर अपघात कमी होणारच. त्या घटीवरून पुढच्या वर्षीची वाढ काढली तर ती भलतीच मोठी दिसते.

मग बघायचं काय? ऑगस्टची तुलना जुलैशी करायची नाही, मागच्या दोन-तीन ऑगस्टशी करायची. सलग बारा महिन्यांची बेरीज दर महिन्याला पुढं सरकवायची. आणि टक्क्यांच्या आधी जागा, वेळ आणि वाहन बघायचं. आपल्या भागात प्रत्येक ऋतूचा अपघात वेगळा असतो. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या, चैत्रात जोतिबाची गर्दी, मे महिन्यात लग्नं आणि पर्यटक, जूनच्या पहिल्या पावसात घसरणाऱ्या दुचाकी, श्रावणात गगनबावडा-राधानगरीकडं सुटलेली पोरं, नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या. हे वेळापत्रक आपल्याला आधीपासून माहीत आहे. मग बंदोबस्त अपघात झाल्यावर का?

प्रत्येकानं आपापल्या रस्त्याबद्दल लिहा. जागा, साधारण वेळ, महिना, कोणतं वाहन. कुणाचं नाव नको, गाडीचा नंबर नको, आणि जखमी माणसाचे फोटो तर अजिबात नकोत.

उसाचा फड:

दादा, बरोबर मुद्द्याला हात घातला. माझा स्वतःचा ट्रॅक्टर हाय, हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. आमच्यावर सगळे चिडतात ते मला माहीत हाय, पण आतली गोष्ट सांगतो.

चालत्या ट्रॉलीपेक्षा थांबलेली ट्रॉली जास्त माणसं मारती. टायर फुटला, जू तुटलं, एक्सल गेला की दोन ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला, म्हणजे खरं तर अर्ध्या रस्त्यात. बाजूपट्टी खचलेली असती, खाली घेतली तर उसासकट पलटी होणार. रात्रीची वेळ. मागच्या फळीला रिफ्लेक्टर असतो, पण उसाची वाडी, म्हणजे शेंड्याचा पाला, मागं लोंबत असत्यात, ती त्यावर येत्यात. नाहीतर फडातला चिखल बसलेला असतो. समोरनं येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला की मोटरसायकलवाल्याला पुढची काळी भिंत दिसतच नाही. सरळ जाऊन आदळतो.

दुसरं म्हणजे दगड. ट्रॉली बंद पडली की आम्ही मागं दगड लावतो, झाडाची फांदी टाकतो. ट्रॉली गेली तरी दगड तिथंच. मागनं येणारा त्या दगडावर पडतो. ही चूक आमची हाय, त्यात दुसऱ्या कुणाला दोष न्हाई.

आणि झोप. कारखान्याच्या गाडीतळावर ऊस उतरायचा नंबर लागंपर्यंत बारा-बारा तास जात्यात, कधी त्याच्यावर. वजन करून, ऊस खाली करून परत फडावर जायचं. ड्रायव्हर डुलक्या घेत चालवतो. कारखान्यानं टोकन वेळेवर दिलं तर निम्मी झोप तरी मिळंल.

हंगाम सुरू व्हायच्या आत एक दिवस गाडीतळावरच तपासणी लावा. टेप, मागचा दिवा, आणि एक त्रिकोणी परावर्तक फलक ट्रॅक्टरमध्ये पाहिजेच. हे नसंल तर पहिली खेपच घ्यायची न्हाई. जानेवारीत दंड करून काय उपयोग, तवर अर्धा हंगाम झालेला असतो.

रात्रपाळी:

मी शहरातल्या एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते. उसाच्या ट्रॉलीबद्दल वर लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. नोव्हेंबर ते मार्च, रात्री आठनंतर, चेहरा आणि छातीला मार लागलेला दुचाकीस्वार आला की बरोबरच्या माणसाला विचारायच्या आधीच आम्हाला कळतं की तो मागून आदळलाय.

आकड्यांबद्दल मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत. आमच्याकडं येणारे निम्मेअधिक जखमी शहरातले नसतातच. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडून, बेळगाव भागातून, शाहूवाडी-चंदगडकडून रेफर होऊन येतात. ते इथं दगावले तरी अपघाताची नोंद जिथं घडला तिथली. म्हणून रुग्णालयाचा आकडा घेऊन शहराला धोक्याचं ठरवू नका. उलट शहरातले कितीतरी किरकोळ वाटणारे अपघात पोलिसांपर्यंत जातच नाहीत. पावसात घसरून मनगट मोडलेला माणूस सरळ हाडांच्या डॉक्टरकडं जातो, “घरात पडलो” म्हणून सांगतो. खरं तर जागा धोक्याची आहे हे सगळ्यात आधी अशा घसरण्यातूनच कळत असतं. दहा जण घसरतात तेव्हा कुठं अकरावा ट्रकखाली जातो.

हेल्मेटचं मी मुद्दाम लिहिते. केंद्राच्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये देशभरात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. त्यातले १४,३३७ मागं बसलेले होते. आपल्याकडं पुढचा घालतो तरी. मागं साडी नेसून एका बाजूला बसलेल्या मावशी, मांडीवर लेकरू, डोक्यावर पदर. गतिरोधकावर गाडी उडाली की पहिल्या त्या पडतात आणि डोकं मागून आपटतं. चांगल्या हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे बऱ्याच अभ्यासांची एकत्र पाहणी करून निघालेलं आहे. “गावात कशाला हेल्मेट, इथंच तर जायचंय” म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्याकडं बसावं.

आणि कृपा करून जखमीला उचला. १०८ ला फोन करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, पोलीस त्याला गुंतवू शकत नाहीत. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. नातेवाईक पैशाची जुळवाजुळव करत बाहेर उभे असतात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

लेव्हल मशीन:

रस्त्याच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, हा शब्द सगळे वापरतात, त्याचा नियम सांगतो. राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, मागच्या ३ वर्षांत मिळून मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. म्हणजे यादीत यायला आधी माणसं जावी लागतात. आणि व्याख्याच मुळात महामार्गासाठी केलेली, त्यामुळं शहरातले चौक आणि उपनगरातले रस्ते मागं पडतात.

शिवाजी पुलाचं उदाहरण घ्या. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जण गेले. शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता, पुरातत्त्वाच्या परवानगीत अडकलेला. त्या जानेवारीचा आलेख काढला तर एकदम आकाशाला भिडेल, फेब्रुवारीत पुन्हा खाली. पण पूल डिसेंबरातही तेवढाच अरुंद होता आणि फेब्रुवारीतही. त्याआधी कितीतरी वाहनं त्या कठड्याला घासून गेली असतील, त्याची नोंद कुठंच नाही. पुढं नवा पूल झाला, वाहतूक सुरू झाली. तो आधी झाला असता तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

गतिरोधकाबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. त्याआधी फलक, वर पांढरे-काळे पट्टे. आपल्या गल्लीबोळांत काय असतं? हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा, रातोरात कुणीतरी करून घेतलेला, ना रंग, ना फलक. मोटार त्यावरून वेगातही जाते, पण मागं बसलेली बाई उडते. वर ताईंनी लिहिलं तेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ मध्ये रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणं नसल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. पण ते सिद्ध करायला त्या जागेची लेखी तक्रार आधीपासून नोंदवलेली असेल तर बळ येतं. तोंडी सांगू नका, पोहोच घ्या.

तीनआसनी:

रिक्षा चालवतो. सगळं वाचलं. पण साहेब, सगळा दोष रस्त्यावर टाकू नका. माणसं कशी चालवत्यात ते बघा की. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल पडायच्या आत निम्मे सुटलेले असतात. स्टँडसमोर उलट्या बाजूनं घुसणारे, फोन कानाला लावून वळणारे. रस्ता परदेशातला आणून टाकला तरी ही माणसं तशीच चालवणार. दंड जबरदस्त पाहिजे.

आणि हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सीपीआर दवाखाना, दसरा चौकाच्या बाजूला गाड्या वाढल्यात. पार्किंगला जागा नाही म्हणून रस्त्यावरच लावत्यात, आणि पायी चालणारा मधनं चालतो. त्याचं काय करणार ते कुणीतरी सांगा.

बारावी गल्ली:

@तीनआसनी, भाऊ, माणसं बेफिकीर आहेत हे मान्यच. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. पण वेग नुसता स्वभावातून येत नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की शांत माणूसही ऐंशीवर जातो. ४० ऐवजी ६० ला धडक बसली तर तिचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. २०२४ च्या जूनमध्ये सायबर चौकात भर दुपारी भरधाव मोटारीनं दुचाकीस्वारांना उडवलं, ते चित्रण आपण सगळ्यांनी बघितलं. तिथं उभ्या असलेल्या कुणाची काय चूक होती? कुणाची तरी चूक होणार हे धरूनच चौक बांधला पाहिजे, म्हणजे त्या चुकीत दुसऱ्याचा जीव जाणार नाही. दंड हवाच, पण दिवसातल्या ज्या तासात पोलीस नसतो त्या तासातही काम करतो तो रस्ताच.

सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. तुमचं निरीक्षण फार कामाचं आहे. पण तिथं या ऑगस्टची तुलना २०२४ च्या ऑगस्टशी करून चालणार नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या भागाचा हिशोब वेगळा ठेवायला हवा.

वर्गशिक्षिका:

जून महिन्यातल्या शाळा-क्लासच्या पोरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दहावीचा निकाल लागला की घरात गाडी येते. क्लास राजारामपुरीत, घर कळंब्याला नाहीतर फुलेवाडीत. पोरगं सोळाचं. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा परवाना मिळतो, आणि तसल्या गाड्या आता बाजारात दिसतात तरी कुठं? म्हणजे ही पोरं चालवतात त्या जवळपास सगळ्या गाड्या बेकायदा. कलम १९९ अ प्रमाणं पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी पालक सभेत वाचून दाखवते तेव्हा शांतता पसरते, आणि सुटताना बाहेर तीच गाडी उभी असते.

क्लास सुटायची वेळ सात-साडेसात. अंधार, पाऊस, ऑफिस सुटलेलं. देशातही सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्येच होतात. क्लासवाल्यांनी वर्ग सुटायच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढं-मागं केल्या आणि संध्याकाळची केएमटी, म्हणजे शहर बस, त्या वेळांना धरून सोडली, तर दंडापेक्षा जास्त फरक पडेल असं मला मनापासून वाटतं. बस वेळेवर आली तर गाडी मागायचं कारणच उरत नाही.

गंगावेस ४:

सगळं पटतंय, पण आपल्याला आकडे देणार कोण? मी एकदा विचारायला गेलो होतो, तर नुसती एकूण बेरीज हातात दिली. वर्षाचे अपघात इतके, मृत इतके. त्यातनं काय काढायचं?

बारावी गल्ली:

@गंगावेस ४, आकडा मागायचा नाही, यादी मागायची. माहितीच्या अधिकारात, नावं वगळून. तारीख, वेळ, नेमकी जागा, कोणतं वाहन कोणत्या वाहनाला, गेलेला किंवा जखमी माणूस चालत होता, चालवत होता की मागं बसला होता. मागची तीन वर्षं. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चार ठाण्यांपुरता ठेवू नका, करवीर, गांधीनगर, शिरोली एमआयडीसी आणि गोकुळ शिरगाव धरून जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं करा.

ही माहिती अस्तित्वात नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आयआयटी मद्रास आणि केंद्र सरकारची एनआयसी यांनी केलेली अपघात-नोंदीची आयरॅड प्रणाली, पुढं ई-डार, देशभर वापरात आहे. पोलीस जागेवर जाऊन मोबाइलवर अपघाताची नोंद करतात, त्यात जागेचे अक्षांश-रेखांशही येतात. म्हणजे नकाशा तयार व्हायला लागणारं सगळं सरकारच्याच यंत्रात पडून आहे.

लेव्हल मशीन:

यादी आली की नकाशावर ठिपके टाकायचं काम मी करतो. एक सूचना. मृत्यू आणि जखमी वेगळ्या रंगात नकोत, एकत्र ठेवा. आकडे थोडे आहेत, त्यात आणखी तुकडे केले तर हाती काही लागणार नाही. चालणारे, दुचाकी, चारचाकी हा फरक मात्र ठेवा, कारण उपाय त्यावर ठरतो. चालणारा मरत असेल तर पदपथ आणि ओलांडायची जागा. दुचाकी घसरत असेल तर डांबर आणि पाण्याचा निचरा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिथं नकाशा घेऊन गेलं तर बोलायला जागा असते. नुसतं निवेदन फायलीत जातं.

रात्रपाळी:

आमच्याकडची गोपनीय माहिती मी देऊ शकत नाही. पण घसरून पडलेल्यांसाठी एक साधा कागद इथंच करा, लोक स्वतः भरतील. कुठं, केव्हा, रस्त्यावर काय होतं: वाळू, तेल, खड्डा, चेंबरचं झाकण, उसाचा पाला, कुत्रं. पोलिसांच्या यादीत हे कधीच येणार नाही.

उसाचा फड:

त्या कागदात आमच्यासाठी एक रकाना वाढवा. ट्रॉली चालू होती का थांबलेली. थांबलेली असंल तर मागं काय लावलं होतं. आमच्या भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांचा ग्रुप हाय, तिथं टाकतो. हंगामाच्या आधी दिवाळीपर्यंत द्या म्हणजे गाडीतळावर वाटता येईल, एकदा फड सुरू झाला की कुणाला फोन बघायला सवड नसती.

बारावी गल्ली:

रकाना वाढवला. ताईंचा “उसाचा पाला” आणि तुमची “थांबलेली ट्रॉली” दोन्ही आहेत. अर्जाचा मसुदा उद्या रात्री इथंच टाकतो, लेव्हल मशीन काकांनी जागांची नावं एकदा तपासून द्यावीत. शिये फाटा, तावडे हॉटेल, उजळाईवाडीचा पूल अशा ठिकाणांना दोन-तीन नावं आहेत, पोलिसांच्या नोंदीत कोणतं असेल ते त्यांनाच ठाऊक. गाडीतळावर वाटायच्या कागदाचा छपाईचा खर्च मी करतो.